दोन गाठींचा रुमाल

पहाटे चारला कुणी हाक न मारता उठणारी माणसं दोनच प्रकारची असतात, असं सुतारकाकांचं ठाम मत होतं. एक, ज्यांना काळजी असते. दुसरी, ज्यांना खोड असते. "आमच्या घरात दोन्ही एकाच बाईत आहेत," असं म्हणून ते कूस बदलायचे आणि पुन्हा घोरू लागायचे.

ती बाई म्हणजे पहाटमावशी. मुलींच्या त्या खाजगी निवासी शाळेत तिला घेतलं होतं वसतिगृहाची सहायिका म्हणून, पण तो शब्द फक्त पगाराच्या दिवशी कुणाला तरी आठवायचा. एरवी तिचं काम एकच, उठवणं. समोर सगळ्या तिला मावशी म्हणत, पाठीमागे पहाटमावशी, आणि कडाक्याच्या थंडीत आणखीही काही म्हणत असतील, तिकडे तिने कधी कान दिला नाही.

आता तुम्ही म्हणाल, उठवणं हे काय काम झालं? घंटा बडवली की झालं! छे हो. घंटेने कान उठतात, पोरी उठत नाहीत. एखादीचं पांघरूण ओढलं की ती भांडायला उठते आणि भांडता भांडता जागी होते. दुसरीला तसं केलं तर दिवसभर तोंड फुगवून बसते. एकीच्या कानाशी "आज पहिला तास तोंडी परीक्षेचा" असं नुसतं पुटपुटलं तरी ती ताडकन उठून बसते आणि मग खोटं कळलं की मावशीच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. हे सगळं मावशीला पाठ होतं. आणि प्रत्येकीचं पहिलं वाक्य मात्र सारखंच असायचं.

"मावशी, पाच मिनिटं."

"मिळणार नाहीत," असं मावशी म्हणायची. इतक्या वर्षांत या उत्तरात एका अक्षराचा फरक पडला नव्हता.

घरी मात्र तिची डाळ शिजत नसे. सुतारकाका शाळेतच कॉट, बाकं, दारं-खिडक्या दुरुस्त करायचे आणि रात्री आडवे झाले की ढाराढूर. त्यांच्यापुढे तिने लग्नाच्या पहिल्याच महिन्यात हात टेकले. मुलगा परगावी नोकरीला होता, संसारी माणूस, पण त्याला अजून ती सकाळी फोन करून उठवायची. सून बिचारी वैतागायची. "आई, आमच्याकडे घड्याळ आहे हो," असं तिने एकदा गोड आवाजात सांगूनही पाहिलं. मावशी म्हणाली, "असू दे की. घड्याळ कुठे विचारतं, रात्री जेवलास का म्हणून?"

शाळेत तर गजराच्या घड्याळांना बंदीच होती. कारण सोपं आहे. एकीचा गजर वाजला की अख्खा हॉल जागा होतो, फक्त जिचा गजर ती झोपलेली राहते. म्हणून मावशीने फार पूर्वी एक पद्धत घालून दिली होती. जिला घंटेआधी उठून अभ्यास करायचा असेल तिने झोपताना कॉटच्या पायथ्याशी रुमाल बांधायचा. रुमालाला एक गाठ असेल तर पाचला उठवायचं, दोन गाठी असतील तर चारला. गाठ नसेल तर थेट सहाची घंटा. मावशी बॅटरीवर बोटं धरून, उजेड चोरून, कॉटांमधून फिरायची आणि गाठी चाचपायची. नवीन मुलींना ती पहिल्याच दिवशी दम भरायची, "गाठ म्हणजे शब्द आहे. तुम्ही बांधायची, मी पाळायची. मग रडारड चालणार नाही." आणि तिने एकही गाठ कधी चुकवली नव्हती. याचा तिला अभिमान होता. का नसावा? प्रत्येकाला कशाचा तरी असतोच.

ढगी या शाळेत आली तेव्हा मावशीच्या खांद्याएवढीही नव्हती. बाप दूरच्या एका शहरात बेकरीच्या भट्टीवर कामाला, घरी पाठची तीन भावंडं, आणि पोरगी हुशार म्हणून शिष्यवृत्तीवर इथे आलेली. पहिले काही दिवस ती कुणाशी बोलली नाही. खिडकीजवळच्या कॉटवर बसून नुसती आभाळाकडे बघायची. मुलींनी तिचं नाव ढगी पाडलं ते तेव्हापासून. मग एके सकाळी मावशी धुतलेल्या चादरी वाळत घालायला निघाली, तर मागून बारीक आवाज आला, "मावशी, आज नको घालूस. जेवणानंतर पाऊस येईल." ऊन तर लख्ख पडलं होतं. मावशीने हसून चादरी घातल्या आणि दुपारी त्या ओल्याचिंब चादरी कवटाळून पळता पळता तिची पुरेवाट झाली. तेव्हापासून मावशीने कानाला खडा लावला. चादरी बाहेर काढण्याआधी ती ढगीच्या कॉटशी जाऊन विचारायची, "काय गं हवामान खातं, घालू का?"

ढगीला उठवायची रीत मात्र सगळ्यांत निराळी होती. तिला हाक मारली की ती दचकायची. घाबरून उठायची, कुठे आहोत तेच तिला कळायचं नाही. म्हणून मावशी तिची टाच धरायची. हलवायची नाही, ओढायची नाही, नुसती धरून ठेवायची. थोड्या वेळाने ढगी आपली आपण वर यायची आणि म्हणायची, "पाच मिनिटं." पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

शेवटच्या वर्षाला येईपर्यंत ढगीने आपलं ठरवून टाकलं होतं. तिला हवामानशास्त्र शिकायचं होतं. ते शिकवणारी एक मोठी संस्था होती, तिथे राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट, पण अट एकच, शेवटच्या परीक्षेत गणितात निदान ऐंशी गुण हवेत. एक गुण कमी पडला तरी दार बंद. मग घरच्यांनी काय करायचं तेही ठरलेलं होतं. बेकरीच्या काउंटरवर बसायला एक माणूस हवाच होता. ढगीने हे मावशीला चादरींच्या घड्या घालता घालता सांगितलं होतं आणि वर हसून म्हणाली होती, "पाव विकेन आणि गिऱ्हाइकांना सांगेन, छत्री घेऊन जा."

मावशीला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी ढगीला ताप भरला. फार नाही, पण अंग मोडून आलेलं, घसा बसलेला. मावशीने गोळी दिली, डोक्यावर ओली पट्टी ठेवली आणि पुस्तक काढून घेतलं. ढगी म्हणाली, "एकच धडा राहिलाय गं, संभाव्यतेचा. तो पहाटे ताज्या डोक्याने करते. दोन गाठी बांधल्यात. विसरू नकोस हं."

"मी विसरलेय का गं कधी?" मावशी म्हणाली.

नाही, मावशी विसरली नाही. तेच तर झालं. रात्रभर पोरगी खोकत राहिली, या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. मावशी मधूनमधून येऊन पाणी पाजून गेली. आणि चारला ती बॅटरी घेऊन कॉटशी उभी राहिली, तेव्हा ढगीला नुकता कुठे डोळा लागला होता. ताप उतरून कपाळावर घाम आला होता. तोंड उघडं, एक हात कॉटखाली लोंबतोय. मावशीने टाच धरायला हात पुढे केला आणि तो तिथेच थांबला.

आता काय सांगावं! चूक होते ती अशीच होते, मायेने होते. तासभर झोपू दे लेकराला, असं तिच्या मनात आलं. पण रुमालाला दोन गाठी होत्या, आणि गाठ म्हणजे शब्द. मग मावशीने काय करावं? तिने दोनांतली एक गाठ सोडली. एक गाठ उरली म्हणजे पाच वाजता उठवायचं, शब्द काही मोडला नाही, असं तिने स्वतःला पटवलं. पाचला ती पुन्हा आली. ढगी अजून तशीच झोपली होती, श्वास आता संथ झालेला. मावशी बराच वेळ उभी राहिली आणि तिने दुसरी गाठही सोडली.

सहाच्या घंटेला ढगी दचकून उठली. खिडकीत उजेड होता. तिने आधी खिडकीकडे पाहिलं, मग पायथ्याकडे. रुमाल होता, त्याला गाठ नव्हती. गाठी होत्या तिथे नुसत्या चुण्या पडल्या होत्या. मावशी विसरली असती तर गाठी तशाच राहिल्या असत्या, एवढं कळायला ढगीला गणित लागणार नव्हतं.

"उठवलं नाहीस?" ती एवढंच म्हणाली.

"ताप होता गं तुला. आत्ता कुठे झोप लागली होती…"

ढगीने पुढचं ऐकलं नाही. एका हाताने दात घासत, दुसऱ्या हातात पुस्तक धरून ती धडा वाचायला लागली. दुपारी पेपर सुटल्यावर मैत्रिणींकडून कळलं ते असं, की शेवटचा मोठा प्रश्न नेमका संभाव्यतेवर होता आणि ढगी तो अर्धाच सोडवून आली. मावशीने दुपारची भाकरी तशीच झाकून ठेवली.

त्यानंतरच्या एकाही पेपरला ढगीने रुमाल बांधला नाही. मावशी चारला फेरी मारायला यायची तेव्हा ती भिंतीला टेकून जागीच बसलेली असायची, डोळे लालभडक, आणि मान वर करायची नाही. परीक्षा संपली. बाप पावाच्या टेंपोतून न्यायला आला. ढगी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. जिन्यात मावशी पांघरुणांचा गठ्ठा घेऊन उभी होती. तिच्याजवळून जाताना ढगी म्हणाली, "येते मावशी," आणि खाली बघत उतरून गेली.

निकालापर्यंतचे दिवस मावशीने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. ऐंशीचा आकडा डोक्यातून जाईना. सुतारकाकांनी समजूत घालून पाहिली. "अगं, न झोपता गेली असती आणि पेपरात चक्कर येऊन पडली असती, मग?"

"ते तिने ठरवायचं होतं ना," मावशी म्हणाली. "गाठ तिची होती. मी कोण सोडणारी?"

काका उठले आणि आधीच दुरुस्त केलेलं एक स्टूल पुन्हा दुरुस्त करत बसले.

निकालाच्या दिवसाची त्या शाळेत एक रीत होती. सुट्टी असली तरी शेवटच्या वर्षाच्या मुली आदल्या संध्याकाळी शाळेत यायच्या आणि आपापल्या जुन्या कॉटवर शेवटचं झोपायच्या. सकाळी निकाल लागला की जी पास झाली तिने अंगणातल्या घंटेची दोरी ओढून एक टोला द्यायचा. पहिली आलेली असो, की कशीबशी काठावर तरलेली, टोला एकच. मग केक, फोटो, गाणी, धिंगाणा, मोठ्या बाईंचं भाषण आणि त्या भाषणात त्यांचं स्वतःचंच रडणं.

पण त्याआधी, पहाटे, आणखी एक कार्यक्रम असायचा, आणि त्याची मुली वर्षभर वाट बघायच्या. त्या दिवशी मावशीने उठवायचं नाही. मुलींनी मावशीला उठवायचं. ताटं-चमचे घेऊन सगळ्या तिच्या खोलीत घुसायच्या आणि जिला जशी मावशी उठवायची तशी ती मावशीला उठवायची. एक पांघरूण ओढायची, एक कानाशी पुटपुटायची, एक उशी पळवायची. मावशी कधीची जागी असायची, पण डोळे मिटून घोरण्याचं सोंग करायची आणि शेवटी म्हणायची, "पाच मिनिटं." की सगळ्या एका सुरात ओरडायच्या, "मिळणार नाहीत!" त्या ओरडण्याने सुतारकाकासुद्धा जागे व्हायचे. वर्षातून एकदाच.

या वर्षी मुली आल्या. "अगं मावशी, बारीक झालीस!" "मावशी, माझी कॉट कुणाला देणार गं?" असा कलकलाट झाला. ढगी शेवटच्या गाडीने आली, अंधार पडता पडता. मावशी दारातच होती. ढगी वाकून बुटाची लेस सोडत म्हणाली, "बऱ्या आहात ना मावशी?"

आहात! जी पोर सहा वर्षं 'अगं मावशी, ए मावशी' करत पदर ओढायची, ती 'आहात' म्हणाली. मावशीला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. "बरी आहे गं," ती म्हणाली आणि उगाचच पाण्याचे माठ भरायला गेली. ते आधीच भरलेले होते.

त्या रात्री मावशी अंथरुणावर पडली ती चष्म्यासकट. उद्या सगळ्या येतील आणि ढगी त्यात नसेल, तर? किंवा असेल, आणि निकाल हातात आल्यावर हीच पोरगी आपल्यासमोरून पाव विकायला निघून जाईल, तर? पहाटे मुली यायच्या आधीच बाहेर निघून जावं, कपडे वाळत घालावेत, भांडी घासावीत, काहीही करावं, असं तिने ठरवलं. मग वाटलं, नको, इतर पोरींनी काय घोडं मारलंय? शेजारी काका घोरत होते. मावशी आढ्याकडे बघत पडून राहिली. डोळ्याला डोळा म्हणून लागला नाही.

आणि मग घंटेचा टोला ऐकू आला.

मावशी धडपडून उठली. घंटा! सहाची घंटा, आणि ती दुसरंच कुणीतरी वाजवतंय! असं आजवर झालं नव्हतं. तिने चपला शोधल्या, एकच सापडली. तेवढ्यात दुसरा टोला पडला, बाहेर आरडाओरडा झाला, टाळ्या वाजल्या. मावशीने भिंतीकडे पाहिलं. ऊन पार कपाटापर्यंत आलं होतं. ही सहाची घंटा नव्हती. ही निकालाची घंटा होती.

खुर्चीवर सुतारकाका बसले होते, अंघोळ करून, भांग पाडून, हातात चहाचा कप. मावशीने आयुष्यात असं दृश्य पाहिलं नव्हतं.

"अहो, मेले मी! उठवायचं नाहीत का?"

"मला परवानगी नव्हती," काका म्हणाले. "दारात पहारा आहे."

"कसला पहारा? आणि तुम्ही कधी उठलात?"

"काय सांगू तुला. घोरण्याचा आवाज आला म्हणून जागा झालो. म्हटलं, मी तर जागा आहे, मग घोरतंय कोण?"

मावशीने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते निमूट चहा पिऊ लागले. तिने एका चपलेनिशी दार उघडलं.

दाराबाहेर, काकांनी दोनदा दुरुस्त केलेल्या त्या स्टुलावर, ढगी बसली होती. मांडीवर रुमाल, पाठ भिंतीला टेकलेली. तिकडे अंगणात तिसरा टोला पडला आणि कुणीतरी आनंदाने किंचाळलं.

"मुली आल्या होत्या," ढगी म्हणाली. "ताटं घेऊन. मी परत पाठवल्या."

"का गं?"

"तू खरंच झोपली होतीस."

तू! एवढाच शब्द मावशीच्या कानात राहिला. मग एकदम भानावर येऊन तिने विचारलं, "निकाल? तुझा निकाल?"

"बघितला नाही अजून."

"अगं शहाणे! सगळ्या टोले देतायत आणि तू इथे माझ्या दाराशी…"

"निकाल काय पळून जातोय का?" ढगी म्हणाली. पण तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि बोटं रुमालाशी चाळा करत होती. मग ती खाली बघत, भराभर बोलायला लागली. "मी सगळ्यांच्या आधी आले होते. एकटीच. मला तुला विचारायचं होतं, का सोडल्यास गाठी म्हणून. खूप राग होता गं माझ्या मनात. घरी गेल्यावरही होता. ठरवून आले होते, गदागदा हलवून उठवायचं आणि विचारायचं. काका जागे होते, म्हणाले जा आत. तर तू… तुझं तोंड उघडं होतं. चष्मा तसाच डोळ्यांवर. मी टाच धरायला हात पुढे केला, आणि नाही धरवली मला."

तिने मान वर केली. डोळे भरले होते. "उठवायला आलेलं माणूस उठवू शकत नाही, असं होतं का गं मावशी?"

"होतं गं राणी," मावशी म्हणाली आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. "पण मी चुकले. ताप असो, काही असो, गाठ तुझी होती. मी हात लावायला नको होता. माझ्यामुळे तुझं काही गेलं असेल ना, तर मी काय करू ते मला कळत नाही. इतके दिवस कळत नाहीये."

ढगीने आपल्या रुमालाने आधी मावशीचा चष्मा पुसला, मग स्वतःचं नाक. "चल," ती म्हणाली. "माझ्या एकटीच्याने बघवणार नाही."

संगणकाच्या खोलीत आता गर्दी नव्हती. मोठ्या बाई एकट्याच खुर्चीवर होत्या, भाषणाआधीच रडून झालेल्या. ढगीला बघून त्या म्हणाल्या, "अगं, होतीस कुठे? मीच शोधत होते," आणि त्यांनी तिला खुर्ची दिली. ढगी बसली. मावशी मागे उभी राहिली आणि तिने ढगीच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली. पडद्यावर अक्षरं आली. मावशीला त्यातलं काही दिसेना, चष्मा पुसूनही दिसेना. ढगी पडद्याकडे झुकली, मोठ्या बाईही झुकल्या.

"काय ते बोला गं कुणीतरी," मावशी म्हणाली. "जीव जाईल माझा."

"चौऱ्याऐंशी," ढगी म्हणाली.

"म्हणजे… ऐंशीच्या वर ना?"

"वर." ढगीचा आवाज फुटला. "वर आहेत मावशी, चार वर आहेत!"

मावशीने तिला खुर्चीसकट मिठी मारली. खुर्ची कलंडली, मोठ्या बाई "अगं, अगं" करत धावल्या आणि त्याही त्या मिठीत सापडल्या. तिघींनाही मग कुणी कुणाला सोडायचं ते कळेना.

बाहेर येताना मावशीने अखेर विचारलंच. विचारल्याशिवाय तिला राहवणार नव्हतं. "मी उठवलं असतं तर शंभर पडले असते का गं?"

ढगीने खरंच विचार केला. खोटं सांत्वन करायचा तिचा स्वभाव नव्हता. "पडले असते कदाचित," ती म्हणाली. "किंवा पेपरातच डोळा लागून साठ पडले असते. हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मला राग अजून थोडासा आहे हं."

"असू दे," मावशी म्हणाली. "थोडासा चालेल."

घंटेची दोरी ढगीने ओढली तेव्हा अंगणातल्या सगळ्या पोरी एकदम ओरडल्या आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की मावशी एकाच पायात चप्पल घालून उभी आहे. त्यावरून जो हशा पिकला तो केक कापेपर्यंत थांबला नाही. "मावशी उशिरा उठली! पहाटमावशी उशिरा उठली!" असं गाणंच त्यांनी केलं. सुतारकाकांनी केकचे दोन तुकडे खाल्ले आणि भेटेल त्याला सांगितलं, "आज मी आधी उठलो." मोठ्या बाईंनी भाषण केलं, ठरल्याप्रमाणे रडल्या. संध्याकाळपर्यंत एकेक जण आपापल्या घरच्यांबरोबर गेली. ढगीची गाडी मात्र दुसऱ्या दिवशी पहाटेची होती, म्हणून ती एकटी त्या मोठ्या हॉलमध्ये, खिडकीजवळच्या आपल्या कॉटवर झोपली. झोपायला जाताना तिने गाडीबद्दल अवाक्षर काढलं नाही. मावशीनेही विचारलं नाही. विचारायचा धीरच झाला नाही. हल्ली मोबाइल असतो पोरींकडे, लावला असेल गजर, असं तिने स्वतःला सांगितलं.

पहाटे मावशी नेहमीसारखी उठली. बॅटरीवर बोटं धरून हॉलमध्ये शिरली. रिकाम्या कॉट, गुंडाळलेल्या गाद्या, आणि शेवटी खिडकीजवळची ती एकच कॉट. मावशीने पायथ्याशी हात नेला.

रुमाल बांधलेला होता. तिने चाचपून पाहिलं. एक गाठ. आणि तिच्यावर आणखी एक, चांगली घट्ट ओढून बसवलेली.

ढगी गाढ झोपली होती, तोंड उघडं, एक हात कॉटखाली लोंबतोय. मावशीने गाठींवरून हात काढून घेतला. तिने ढगीची टाच धरली, नुसती धरून ठेवली, आणि म्हणाली, "ऊठ गं. चार वाजले."

ढगी हळूहळू वर आली. डोळे न उघडताच पुटपुटली, "पाच मिनिटं, मावशी."

"मिळणार नाहीत," मावशी म्हणाली. आणि टाच हातात तशीच धरून ती पाच मिनिटं कॉटच्या कडेला बसून राहिली.